लोखंडी हाडांची सोयरीक

येलुबायने उकडलेले मेंढीचे डोके दोन्ही हातांनी उचलले आणि नाक पाहुण्याकडे येईल असे हलकेच फिरवून जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर ठेवले. ठेवता ठेवता त्याने मनातली जमेची बाजू पुन्हा एकदा चाचपून पाहिली. मुलगी नदीकाठच्या घरात पडणार, म्हणजे आटलेल्या समुद्राचे मीठ रोज तिच्या छातीत जाणार नाही. बाजाराच्या दिवशी मऊहाड्यांच्या, म्हणजे साध्या हाडामांसाच्या माणसांच्या, तंबूत लोखंडी हाडांच्या माणसाला आजवर दाराशी, बुटांच्या शेजारी बसवत; व्याही झाल्यावर आत गालिच्यावर बसवावे लागेल. आणि ‘तुझ्या पोरीला कोण पत्करणार’ असे म्हणणाऱ्या भावकीची तोंडे कशी होतील, हे पाहायला तर त्याने आणखी एक मेंढी कापली असती. खर्चाच्या बाजूला त्याने एवढी मेंढीच काय ती धरली होती.

पाहुणा सापार हा मच्छीमार. मोठ्या अंगाचा, कमी बोलणारा. त्याने सुरी घेऊन मेंढीचा कान कापला आणि शांतपणे चावायला सुरुवात केली. बोलायचे काम त्याच्या बायकोचे होते. उल्मेकेन गुडघ्यावर हात टेकून बसली होती आणि घरातली एकेक वस्तू अशी पाहत होती, जणू परत जाताना सगळी सोबत न्यायची आहे. मुलगा तोरेखान रीतीप्रमाणे घरीच राहिला होता. येलुबायची मुलगी बिबिसारा किटलीतून चहा ओतत होती आणि तिची आई दामेश डाव्या हाताने वाट्या पुढे सरकवत होती.

“आता उणं मांडू या,” उल्मेकेन म्हणाली.

सोयरीक पक्की होण्याआधी दोन्ही बाजूंनी आपल्या रक्तातले उणे सांगायचे, अशी त्या मुलखाची रीत. सांगून दिलेली मुलगी परत पाठवता येत नाही. लपवून दिलेली येते.

“आमच्याकडे पुरुषांना चाळिशीनंतर ऐकू कमी येतं,” तिने सुरुवात केली. “यांना तर त्याच्या आधीपासूनच. पण त्यात कानांचा दोष नाही.”

सापारने मान डोलावली. त्याने ऐकले असावे, किंवा मांस चांगले शिजले असावे.

येलुबायने घसा साफ केला. “आमच्यात दमा नाही. वेड नाही. हाडं मोडत नाहीत, दात पडत नाहीत. उणं एकच. पाणी. अंगाला पाणी लागलं की आमच्या तारा गंजतात.”

बोलून झाले आणि मग त्याच्या लक्षात आले, आपण हे कोणापुढे बोललो.

त्याचा तरी काय दोष? लोखंडी हाडांच्या घरात पोराला स्वतःचे नाव सांगता येण्याआधी हे वाक्य शिकवतात. शिपायाने विचारले, दाक्तरने विचारले, बाजारात कुणी मऊहाड्याने विचारले, तर उत्तर एकच: पाणी. येलुबायने ते जन्मभर इतक्या जणांना सांगितले होते की जीभ त्याला न विचारताच सांगून मोकळी होत असे.

“पाणी,” उल्मेकेन म्हणाली. “आमच्या अंगणात पाणी, दारात पाणी. बर्फ वितळला की चुलीपर्यंत पाणी. तिनं काय छपरावर बसून संसार करायचा?”

“पिण्यापुरतं चालतं.”

“आणि अंघोळ?”

“ती... थोडी थोडी.”

दामेशला ठसका लागला. ठसकाच होता, असे येलुबायने धरून चालायचे ठरवले.

“व्याहीबुवा,” उल्मेकेन गोड आवाजात म्हणाली, “मागच्या उन्हाळ्यात तुमची मुलगी आमच्या जाळ्यात सापडली.”

“म्हणजे?”

“म्हणजे पोहताना. मला आधी वाटलं, मोठा मासा लागला. जाळं फाडून बाहेर आली आणि वर माझ्या तोरेखानलाच शिव्या दिल्या, ‘रस्त्यात जाळं लावतोस, आंधळा आहेस का’ म्हणून. त्या दिवसापासून पोरगा नीट जेवत नाही. नाहीतर मी इथवर कशाला आले असते?”

बिबिसाराच्या किटलीची धार वाटी सोडून दस्तरखानावर पडली.

कोपऱ्यात एक झाकलेले ताट होते. उल्मेकेनने त्याच्याकडे बोट केले. शेपटीची चरबी आणि काळीज. ते दोन्हीकडच्यांनी एकमेकांना भरवले की सोयरीक झाली. मग आकाश कोसळले तरी कुणाला मागे फिरता येत नाही.

“ते ताट उघडायचं असेल, तर पाणी राहू दे बाजूला. खरं उणं सांगा.”

येलुबायने दाढी कुरवाळली. आता खर्चाची बाजू लांबत चालली होती.

पाणी हे उत्तर काही उगाच निघाले नव्हते. समुद्र आटला, तळाचे मीठ वाऱ्यावर उडू लागले आणि काठच्या मच्छीमारांची फुप्फुसे चाळणीसारखी झाली, तेव्हा राजधानीच्या दाक्तरांनी त्यांच्या छातीत जिवंत तार सोडली. झाड वेल चढवून घेते तशी ती तार हाडांवर चढली, पाठीच्या कातडीत काळ्या खवल्यांसारखी उगवली आणि उन्हावर जगू लागली. माणसे वाचली. दाक्तरांना वाटले होते, ही तार त्या माणसांबरोबर मातीत जाईल. पण त्यांच्या नातवंडांच्या पाठीवर ती न घालताच फुटली, आणि मग सरकार घाबरले. न थकणारी, न मोडणारी ही माणसे आवरायची कशी? तुम्ही कशाने मरता, असे साहेबांनी वडीलधाऱ्यांना बसवून विचारले. वडीलधारी जन्माने मच्छीमार. पाण्याने, असे त्यांनी गंभीर चेहऱ्याने सांगितले. सरकारने वस्तीभोवती चर खणला आणि त्यात नदी सोडली. लोक दिवसभर घाबरून आत बसत आणि अंधार पडला की पोहून बाजाराला जाऊन येत. चर पुढे बुजला. उत्तर राहिले.

खरे उत्तर जो बाहेर सांगेल, त्याच्या घरी भावकीतले कुणी चहा पीत नाही. मयतालाही येत नाहीत.

“विहीणबाई, काही गोष्टी अशा असतात...” येलुबाय बोलू लागला.

तोवर दामेशने उजवी बाही कोपरापर्यंत सारली होती.

तिचा हात मनगटापासून खाली वाळल्या फांदीसारखा होता. बोटे आत वळलेली. कातडीखालच्या तारा जिथे निळसर चमकायच्या, तिथे राखाडी रेघा उरल्या होत्या.

“हा थंडीनं गेला ना?” बिबिसारा आईला म्हणाली. “बर्फात राहिला म्हणून. आपा, तूच सांगायचीस.”

“सांगायचे.” दामेश मुलीकडे न पाहता उल्मेकेनशीच बोलली. “आमच्यात भरल्याकडून रित्याकडे जातं. उघड्या हाताला उघडा हात लागला की तार वाहू लागते. नको म्हटलं तरी थांबवता येत नाही. म्हणून आम्ही बाह्या तळव्यावर ओढून हात मिळवतो. तुम्हा लोकांना वाटतं, केवढी अदब.”

“मला वाटायचं, आमच्या हाताला माशाचा वास येतो म्हणून,” उल्मेकेन म्हणाली.

“तो येतोच. पण ते कारण नाही.” दामेश किंचित हसली. “मूल जन्मतं ते रितं. पाठीला खवले येईपर्यंत त्याला ऊन धरता येत नाही. तोवर ते आईकडून ओढतं. उन्हाचे दिवस असले तर आई सकाळी पाठ शेकते, तेवढं परत येतं. ही झाली त्या हिवाळ्यात ऊन आलंच नाही. धुकं नि मीठ. त्यात हिला ताप. खाली ठेवली की ओठ काळे पडायचे. म्हणून मी ठेवलीच नाही.”

“दुसऱ्या कुणी धरली नाही?”

बाहेर एक उंट घशातून ओरडला. येलुबायने हात लांबवून मिठाची वाटी जवळ ओढली, मग मांसात मीठ बरोबर आहे हे आठवून परत सरकवली.

“यांना मेंढरं बघायची होती,” दामेश म्हणाली. “दोघंही रिते झालो असतो तर कळप गेला असता. पुढं खायचं काय? हिशेब बरोबर होता.”

“आणि हा परत येतो का? हात?”

“तेव्हाच कुणी धरला असता तर आला असता. एकदा वाळली की तार वाळली.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर येलुबायला बरे वाटले असते. तक्रारीला उत्तर देता येते.

बिबिसाराने किटली खाली ठेवली. आईच्या जवळ सरकायला म्हणून ती अर्धी उठली आणि तशीच थबकली. मग तिने आपल्या दोन्ही बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत ओढून घेतल्या आणि होती तिथेच बसली.

उल्मेकेनची नजर आता वस्तूंवरून हटली होती. “मग ऐका माझा हिशेब,” ती म्हणाली. “पोरगी मला पसंत आहे. जाळं फाडणारी सून घरात असली की बरं असतं. पण आमच्याकडे ही एकटी. मूल हिच्यावर गेलं तर ते हिच्याकडून ओढणार. धुक्याचा हिवाळा आमच्याकडेही येतो. तेव्हा हिला कोण भरणार? माझ्या हातात नुसतं रक्त आहे, बाई.”

येलुबायला एकदम हुरूप आला. अडचण एवढीच होती तर.

“त्यात काय मोठंसं! हिवाळा आला की माहेरी धाडून द्या. आम्ही भरू की.”

हे म्हणताना त्याची नजर सहज दामेशच्या डाव्या हाताकडे गेली. त्या हातात चहाची वाटी होती. नजर गेली आणि परतही आली. पण तिन्ही बायकांनी ती जाताना पाहिली.

दामेशने वाटीतला घोट घेतला.

“मला नाही जायचं नदीवर,” बिबिसारा म्हणाली.

“अगं, बोलणी चाललीत...” येलुबाय तिला थांबवू लागला.

“आके,” ती वडिलांना म्हणाली, “मला लग्न करायचं नाही. त्यांना सांगा, पाणी सोसत नाही. आपलं तेच खरं.”

ती किटली उचलून निघालीच होती. नदीकाठचे घर, तंबूतला गालिचा, भावकीची तोंडे, सगळे तिच्यामागून दाराकडे चालले आहे असे येलुबायला दिसले. उल्मेकेनने शालीचे टोक सावरले, म्हणजे तीही उठायच्या तयारीत होती.

तेव्हा सापारने कान चावून संपवला, बोटे पुसली आणि आल्यापासूनचे पहिले वाक्य बोलला.

“व्याहीबुवा, तुमचे हात बरे आहेत ना?”

प्रकृती विचारावी तसा त्याचा सूर होता. येलुबायने आपल्या हातांकडे पाहिले. रुंद, ताठ, तारांची निळी चमक जशीच्या तशी. वस्तीत या वयाच्या कुणाचे असे हात नव्हते. तो आजवर हे अभिमानाने सांगत आला होता.

“बरे आहेत,” तो म्हणाला.

सापार अजून त्या हातांकडेच पाहत होता.

“मी भरीन,” तो म्हणाला. “हिवाळ्यात. माझ्याकडे पाठवा.”

बिबिसारा दारात थांबली होती. तिने वळून वडिलांकडे पाहिले नाही, आईकडे पाहिले.

“तोंडानं तर तुम्ही मघाशी पाण्यालाही भीत होतात,” दामेश म्हणाली. “तिला दाखवा.”

“तिला कसं दाखवू? ती तरुण आहे, भरलेली. हात धरला तर उलट तिचंच माझ्याकडे येईल.”

“मी आहे ना रिती. त्या हिवाळ्यापासून पुरती भरलेच नाही.”

तिने वाटी ठेवली आणि डावा हात दस्तरखानावर उताणा केला. हात पुढे करण्याची तिची रीत अशी होती, जशी ती मेंढी दोहायला भांडे पुढे करी.

येलुबायने बाही सारली. बायकोचा उघडा हात त्याने कधी धरला होता ते त्याला आठवेना. त्यांच्यात नवरा-बायकोही बाह्या ठेवूनच झोपतात. त्याने तळवा टेकवला. आधी काहीच झाले नाही. मग शेगडीजवळून उठून वाऱ्यात जावे तसे खांद्यात गार वाटले, ते पाठीतून उतरले आणि त्याच्या गुडघ्यांत बसले. दामेशच्या मानेजवळच्या तारा, ज्या नेहमी दिसतही नसत, हळूहळू निळ्या होऊ लागल्या.

“पुरे?” त्याने विचारले.

“नाही.”

उल्मेकेन टक लावून बघत होती. सापारही. मांसावरची चरबी थिजत चालली.

“आता?”

“कुठं जायचंय का तुम्हाला?”

त्याच्या हनुवटीला कंप सुटला. हे असे एका वेळी इतके जाते, हे त्याला माहीत नव्हते. एका हिवाळ्यात किती गेले असेल, याचा तो हिशेब करू लागला आणि त्याने तो अर्ध्यावरच सोडला.

बिबिसारा परत आली आणि आईच्या दुसऱ्या बाजूला बसली. उल्मेकेनने उठून स्वतःच्या हाताने कोपऱ्यातले ताट उघडले. काळजाचा आणि चरबीचा एक मोठा घास करून तिने येलुबायच्या तोंडाशी धरला.

“उघडा तोंड. आणि काळजी करू नका. यांनी काही ऐकलेलं नाही, आणि मी तर माशांशिवाय कुणाशी बोलतच नाही.”

त्याने तोंड उघडले.

सोयरीक झाली. सापारच्या घरात सून आली, बिबिसाराला नदी मिळाली. वस्तीचे जुने गुपित दोन मऊहाड्यांच्या पदरात पडले, आणि ते फुटले तर दार येलुबायचेच बंद होणार होते, कारण बायकोने सांगितलेलेही भावकी नवऱ्याच्याच नावावर धरते. बाकीची सगळी किंमत दामेशने पूर्वीच चुकती केली होती. येलुबायची आत्ता कुठे सुरुवात होत होती, आणि घास गिळताना त्याने पुन्हा विचारले नाही, पुरे का म्हणून.