ओझेलच्या खुर्चीत

"बस रे राजा, पणजोबांच्या खुर्चीत बस," म्हणत डेनीसने दोन वर्षांच्या टेरेलला उचलून खुर्चीत ठेवलं. "आजोबा, याच्या केसांना पहिली कात्री तुमचीच लागायला हवी. घरी सगळे केकसाठी थांबलेत."

कंगवा पुसणारा ओझेलचा हात तिथेच थांबला. बाकावर बसलेल्या हॅस्केलसाहेबांनी वर्तमानपत्र खाली केलं. आता हा गोरा म्हातारा उठून जाणार, असं ओझेलला वाटलं. पण साहेब म्हणाले, "अरे ओझेल, त्याचे कर की आधी. मला कुठं जायचंय?"

हे वाक्य ऐकायला ओझेलचा बाप हवा होता. अलाबामातल्या या गावात, कोर्टासमोर, बापाने सलून थाटलं ते एकाच अटीवर चाललं: न्हावी काळा, गिऱ्हाईक गोरं. खुर्चीत एक काळं डोकं दिसलं, की दुसऱ्या दिवसापासून गोरे फिरकले नसते. ओझेलने बापाकडून कात्री घेतली, तशी अटही घेतली. तिच्यावरच घर उभं राहिलं, मुलगा वेंडेल कॉलेजात गेला.

आणि कॉलेजातूनच एका शनिवारी वेंडेल दोन मित्रांना घेऊन आला. भर गर्दीत या खुर्चीत बसला. "बाबा, केस कापा." ओझेलने दिवे मालवले, दुकान बंद केलं. वेंडेल अंधारात बराच वेळ तसाच बसून होता. मग तो डेट्रॉइटला गेला. तिथेच संसार केला, तिथेच वारला. डेनीस त्याची मुलगी. नोकरीसाठी गेल्या वर्षी ती इकडे परत आली होती.

अट कधीच सुटली होती. कायदा बदलला, समोरच्या कोर्टात काळा न्यायाधीश बसला. पण काळ्यांच्या वस्तीतलं कोणी या दुकानाची पायरी चढलं नाही. ओझेल स्वतः केस कापायला मागच्या गल्लीत पर्व्हिसकडे जायचा. पर्व्हिस दारातूनच ओरडायचा, "या, गोऱ्यांचे न्हावी! आज गरिबाची खुर्ची कशी आठवली?" सगळे हसायचे. ओझेलही हसायचा.

"थांबलात का, आजोबा?"

ओझेलने टेरेलच्या केसांत कंगवा घातला. तो दाट कुरळ्या बटांत अडकला आणि पोर कळवळलं. ओझेलने हात मागे घेतला. जन्मभर या बोटांनी सरळ केस उचलले होते, कंगव्यावर धरून कापले होते. असे केस त्यांनी कधी कापलेच नव्हते. वेंडेल लहान होता तेव्हा त्याचेही केस बायकोच कापायची, घराच्या मागच्या पायरीवर.

"पोरी, मला नाही गं येत."

"काय नाही येत?"

"आपले केस कापायला. कधी शिकलोच नाही. पर्व्हिसकडे ने याला, तो छान कापतो."

हॅस्केलसाहेब मोठ्याने हसले. "काय थट्टा करतोस, ओझेल! इतकी वर्षं माझं डोकं तुझ्या हातात आहे. तुला येत नाही?"

डेनीसने त्यांच्याकडे पाहिलं, मग आजोबांकडे. तिचा आवाज एकदम खाली आला.

"बाबांसाठी निदान दिवे तरी मालवलेत. मला नुसती थाप मारताय."

"देवाशपथ सांगतो, डेनीस…"

"गोरा माणूस हो म्हणाला, आजोबा. तुम्ही नाही म्हणताय."

ओझेलने केस कापायच्या मशीनकडे पाहिलं. मशीन उचलून वेडंवाकडं कापलं असतं, तर खरंच येत नाही हे तिला पटलं असतं. पण मग ते डोकं घेऊन पोर सगळ्या घरादारासमोर गेलं असतं. तो तसाच उभा राहिला. डेनीसने टेरेलच्या गळ्यातलं फडकं सोडलं, त्याला कडेवर घेतलं आणि ती निघाली. काचेतून ती रस्ता ओलांडताना दिसली. मागच्या गल्लीकडे वळली. तिने मागे पाहिलं नाही.

"तरुण रक्त, लगेच तापतं," म्हणत हॅस्केलसाहेब खुर्चीत येऊन बसले. "हं, बाजूचे जरा बारीक कर."

"हो, साहेब."

ओझेलने फडकं झटकलं. त्यावर एकही केस पडलेला नव्हता. ते साहेबांच्या गळ्याभोवती बांधलं आणि कात्री सुरू झाली. हात सवयीने चालू लागला, हलका, एका लयीत. साहेबांनी सुखाने डोळे मिटले. त्यांच्या डोक्यावर कापण्यासारखं आता फारसं काही उरलंच नव्हतं. कात्री बराच वेळ नुसती हवेतच वाजत राहिली.