तीन नोव्हेंबरची सही

मंगळवारी मेव्हण्याचं पाकीट पोस्टानं आलं तेव्हा चंद्रहास पेडणेकरला वाटलं, चला, काम झालं. पाकिटात गावाकडचा ताजा सात-बारा होता. त्यानं तो वाचलासुद्धा नाही. तसाच पिशवीत टाकला आणि फुलपाड्यातल्या घरातून निघून बाराच्या आत वसईची कचेरी गाठली.

काम तसं साधं होतं. त्याची बायको लतिका मागल्या मार्चमध्ये काविळीनं गेली. होळी गावात तिच्या नावावर जमिनीचा एक तुकडा होता. त्यावर वारस म्हणून आता चंद्रहासचं आणि मुलीचं, विनिताचं नाव लागायचं होतं. जुन्या खरेदीच्या फाइलीत लतिका शेतकरी असल्याच्या कागदाची नुसती झेरॉक्स निघाली, म्हणून साहेबांनी तिच्या माहेरच्या जमिनीचा नवा सात-बारा मागितला होता. एवढंच.

टेबलावरच्या कारकुनानं कागद उलगडला. वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. बोट मध्येच थांबलं.

"पेडणेकर, लतिका म्हणजे तुमच्या मिसेस ना?"

"हो."

"मग यांच्या नावाला कंस कसा?"

चंद्रहासनं चष्मा लावून पाहिलं. लतिकाच्या नावाच्या दोन्ही बाजूंना कंस होता. सात-बाऱ्यावरून माणूस कमी झाला की त्याचं नाव खोडत नाहीत, कंसात घालतात, हे त्याला त्या दिवशी कळलं.

"गेली ना ती. म्हणून असेल," तो म्हणाला.

"त्या गेल्या दोन हजार एकला. हा फेरफार अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीतला आहे. हक्कसोड. बहिणीनं भावासाठी हक्क सोडला." कारकून आवाज न चढवता बोलत होता. "होळीची जमीन तुम्ही यांच्या शेतकरी दाखल्यावर घेतलीत. खरेदी सतरा नोव्हेंबर सत्त्याण्णवची. हक्कसोडीचा दस्त त्याआधीचा की नंतरचा?"

"मला माहीत नाही."

"काढा माहिती. नंतरचा असेल तर प्रश्न नाही. आधीचा असेल तर खरेदीच्या दिवशी बाई शेतकरी नव्हत्या. शेतकरी नसलेल्यानं शेतजमीन घेतली तर व्यवहार उभा राहत नाही. जमीन सरकारजमा होते. नोटीस येईल तुम्हाला, तीस दिवसांत उत्तर द्या."

चंद्रहास बाहेर आला आणि पायरीवर बसला. पँटला धूळ लागली. ती झटकायचंही त्याला सुचलं नाही.

त्याच्या घराण्यात कुणाच्याच नावावर कधी वीतभर जमीन नव्हती. वडील परळच्या गिरणीत, तो स्वतः औषध कंपनीच्या स्टोअरमध्ये. सत्त्याण्णव साली ऑफिसातले सगळे फ्लॅट घेत सुटले होते. कुणी आचोळ्याला, कुणी आणखी आत. त्यातल्या एकाची इमारत बेकायदा निघाली आणि तो माणूस सहा महिने डबा न खाताच परत नेत होता. तेव्हा लतिका म्हणाली, "हवेतली खोली नको मला. जमीन घेऊ. जमीन कोण पाडणार?"

घ्यायची कशी, हे दोघांनाही माहीत नव्हतं. तिनं विनिताची अर्धी उरलेली वही घेतली आणि ज्याला त्याला विचारून प्रश्न लिहून काढले. रस्ता कुणाचा? विहिरीवर हक्क आहे का? सगळ्या भावंडांच्या सह्या आहेत का? घर बांधायला परवानगी मिळेल का? होळीच्या आग्नेलनं आपल्या वाडीच्या कडेचा तुकडा दाखवला तेव्हा ती वही हातात धरून उभी राहिली, आणि आग्नेल हसून म्हणाला, "बाई, एवढे प्रश्न तर आमचे फादर लग्नाच्या वेळी पण विचारत नाहीत."

शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, हेही तिनंच शोधून काढलं. माहेरच्या सात-बाऱ्यावर वडिलांच्या मागे तिचं नाव लागलेलं होतं. भावाकडून कागद आणायचा होता. चंद्रहासनं तेव्हा सांगितलं होतं, "सासुरवाडीच्या दारात कागदासाठी मी उभा राहणार नाही. तू भाऊबीजेला जातेसच, तूच आण." ती गेली, आणि आणला.

खरेदीच्या आदल्या रात्री तिनं विचारलं होतं, "अहो, हा सात-बारा सप्टेंबरातला आहे. जुना चालतो का हो?"

तो पेपर वाचत होता. "सात-बारा काय पाव आहे, शिळा व्हायला?"

ती हसली होती. मग काही विचारलं नाही.

कचेरीबाहेर टेबल टाकून अर्ज लिहिणारे बसतात. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं, कान कोरत.

"तारीख नंतरची निघाली तर माझ्याकडे येऊ नका, देवळात जा," तो म्हणाला. "आधीची निघाली तर या. एकच वाट आहे. हक्कसोडीवरची सही बाईंची नाही, असं प्रतिज्ञापत्र करायचं. भावानं दुसरी बाई उभी केली. हक्कसोड खोटी म्हणजे बाई शेतकरी, बाई शेतकरी म्हणजे खरेदी खरी."

"आणि भाऊ?"

"भावाचं भाऊ बघेल."

"असलं मी काही करणार नाही," चंद्रहास म्हणाला.

"सगळे पहिल्या दिवशी असंच म्हणतात. बसा, चहा घ्या."

त्यानं चहा घेतला नाही. घरी येऊन मेव्हण्याला फोन लावला. भालचंद्र लतिकापेक्षा चार वर्षांनी लहान, गावी आंब्याची कलमं करायचा. तारीख विचारली तर म्हणाला, "फोनवर नको, भावोजी. ताईच्या वर्षश्राद्धाला येतोय ना, दस्त घेऊनच येतो." फोन ठेवल्यावर चंद्रहासनं विनिताला म्हाताऱ्याचं बोलणं सांगितलं, वर म्हणाला, "नंतरचीच असेल. आधीची असती तर आई बोलली असती."

 विनिता वीस वर्षांची होती आणि आईची वही तिनं कपाटात जपून ठेवली होती.

नोटीस खरोखरच आली. चंद्रहासची जेवणावरची वासना उडाली. कंपनीनं स्वेच्छानिवृत्ती देऊन घरी बसवताना हातात जे दिलं, ते लतिकाच्या दवाखान्यात गेलं होतं. हा तुकडा सोडला तर काही नव्हतं. पण त्याला खरी धास्ती पैशांची नव्हती. जमीन गेली की लतिकानं केलेलं असं काहीच जगात उरणार नव्हतं.

रविवारी तो होळीला गेला. आग्नेल चर्चमधली मिस्सा आटोपून आला होता आणि केळीची सुकलेली पानं कापत होता.

"मी म्हटलं होतं, ताजा आणा," आग्नेल म्हणाला. "बाई म्हणाल्या, परत गावाला जायला यांना रजा नाही. मला मुलीच्या लग्नाची घाई. मी पण जास्त बोललो नाही. चुकलं माझं."

"तुम्ही जमीन परत घ्या. पैसे सावकाश द्या. नाही दिलेत तरी चालेल. निदान तुमच्याकडे राहील."

"नोटीस निघाल्यावर कसली परत घेतो, पेडणेकर? आता माझ्या हातात आहे काय?" त्यानं कोयता खाली ठेवला. "डोकं जागेवर ठेवा जरा. जेवलात का?"

तुकड्याच्या मधोमध अकरा विटा चौकोनात मांडलेल्या होत्या. लतिकानं चार वर्षांपूर्वी मांडल्या होत्या, हे आपलं स्वयंपाकघर म्हणून. खिडकी पूर्वेला. चंद्रहास म्हणाला होता, अजून विनिताचं शिक्षण आहे, नंतर बघू. विटांवर शेवाळ वाळलं होतं. आग्नेलनं भोवतीनं वालाचे वेल लावले होते, पण एकही वीट हलवली नव्हती.

"हलवायला हात होत नाही," तो म्हणाला. "बाई येऊन ओरडतील असं वाटतं."

चंद्रहास विटांच्या आत जाऊन उभा राहिला आणि तिथेच रडला. आग्नेल पाठ फिरवून पानं गोळा करत राहिला.

वर्षश्राद्धाला भालचंद्र आला. खीर, वडे, पान वाढून झालं. कावळा लवकर शिवला, तेव्हा शेजारीण म्हणाली, बाई सुखात आहे. माणसं गेल्यावर भालचंद्रनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून दस्त काढून चंद्रहाससमोर ठेवला.

तारीख पहिल्याच पानावर होती. तीन नोव्हेंबर सत्त्याण्णव. खरेदीच्या चौदा दिवस आधी.

चंद्रहासनं पानं उलटली. शेवटी सही होती. सौ. लतिका चंद्रहास पेडणेकर. 'सौ.'पुढचं टिंब तिच्या सवयीप्रमाणे मोठं, पेन टेकवून ठेवल्यासारखं.

"भाऊबीजेच्या तिसऱ्या दिवशी," चंद्रहास म्हणाला. "ओवाळून घेतलंस आणि कचेरीत नेलंस तिला?"

"जबरदस्ती नाही केली. मोठ्या ताईनं दिली होती सही, हिचीच राहिली होती. गावात सगळ्याच बहिणी देतात, भावोजी." भालचंद्रची मान खाली होती. "ती म्हणाली, मला सात-बाऱ्याचा कागद दे. मी म्हटलं, सप्टेंबरातला घरात आहे, ने, पण सहीचं तेवढं उरकून जा. मला काय ठाऊक, एक केलं की दुसरं फुकट जातं?"

"तिला ठाऊक होतं?"

"कचेरीत विचारत होती. सही केल्यावर कागद चालेल ना? मी म्हटलं, कागदावर नाव आहे ना तुझं, मग झालं."

"आणि मला का नाही सांगितलं?"

भालचंद्रनं विनिताकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "म्हणाली, यांना नको सांगूस. कागदाच्या बदल्यात सही दिली म्हणून यांना कमीपणा वाटेल."

 मग विनितानं विचारलं, "बाबा, तो म्हातारा म्हणाला होता ते करायचं?" आणि तिनं मामाला ते सगळं सांगितलं.

भालचंद्रनं ऐकून घेतलं. तो बराच वेळ दाराच्या चौकटीवरचा रंग नखानं खरवडत राहिला. मग म्हणाला, "लिहा. म्हणा मीच दुसरी बाई उभी केली. होईल ते होईल माझं."

"तुझी दोन पोरं आहेत."

"ताईची पण एक आहे."

"आणि तिची सही खोटी म्हणू? शेवटी तिच्या हातचं जे उरलंय, तेच?" चंद्रहासनं दस्त मिटला. "ती मला विचारत होती रे. जुना चालतो का म्हणून विचारत होती. मी पेपर वाचत होतो."

भालचंद्र दुसऱ्या दिवशी गावी गेला. जाताना दस्त ठेवून गेला. बुधवारी चंद्रहास म्हाताऱ्याकडे गेला आणि स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र टाइप करून घेऊन आला. त्यात लिहिलं आहे की, सदर दस्तावरील सही माझ्या मयत पत्नीची नाही, तिची सही मी चांगली ओळखतो. पडताळणीसाठी तिची एक खरी सही जोडायची आहे. विनितानं बँकेचं जुनं पासबुक काढून दिलं. चंद्रहासनं दोन्ही सह्या शेजारी ठेवल्या. टिंब तेच, तेवढंच मोठं.

"बाबा, पैसे भरून काही होत नाही का?" विनितानं विचारलं.

"विचारलं. नाही म्हणतात."

आज नोटिशीला एकोणीस दिवस झाले. अकरा उरले आहेत. प्रतिज्ञापत्र टेबलावर आहे, त्यावर चंद्रहासची सही झालेली नाही. सही तिचीच आहे, असं कबूल करणारं उत्तरही त्यानं लिहिलेलं नाही.