शुक्रवार बंद

मित्रांनो, मी एक जुनी नोंदवही आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, चारशे पानांची आणि, खोटं कशाला बोलू, थोडी गर्विष्ठ. १९८३ साली अंबरनाथच्या, कारखान्यांची नोंद ठेवणाऱ्या एका सरकारी कचेरीत कारकून धर्मराज गायकवाड यांनी माझ्यात पहिली ओळ लिहिली: 'शिवराम वेल्डिंग, कामगार पाच.' त्यापूर्वी मी नुसती कागदांची चळत होते.

मग लेथवाले आले, पत्र्याचे डबे करणारे आले, उल्हासनगरहून जागा शोधत आलेले पँट शिवणारेही आले. धर्मराजांचं अक्षर असं वळणदार, की तपासणीला आलेले साहेब मला उघडून 'वा!' म्हणत. ते दिवस आठवले की मला अजून भरून येतं.

पुढे कपाटं भरली आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. झाडू मारताना बनूबाई शिपाई म्हणायच्या, "भाऊ, ही धुडं रद्दीत घालू का? उल्हासनगर कॅम्प चारचा रद्दीवाला सेठ किलोवर घेतो."

"बाई, माझी दहा वर्षं हायेत त्यात. राहू दे," धर्मराज म्हणायचे.

पण साहेबांचा हुकूम निघालाच: उपयोग नसेल तर मार्चअखेर विकून टाका.

१९९४च्या जानेवारीत मुंबईच्या एका संस्थेतून अंजनाताई आल्या. कचेऱ्यांत पडून असलेल्या धंद्यांच्या नोंदी वाचून सरकारला धोरण ठरवता येईल का, हे पाहायला त्यांना सहा महिन्यांचं संशोधन अनुदान मिळालं होतं. येतं असं दिसलं, तर पुढे तीन वर्षांचं अनुदान मिळणार आणि आम्ही वाचणार. नाहीतर कॅम्प चार!

ताईंनी महिनाभर माझं पान न् पान वाचलं. इतक्या मायेनं मला कुणी हाताळलं नव्हतं. एका दुपारी त्या पडल्या चेहऱ्याने म्हणाल्या, "काका, सहाशे बारा कारखान्यांपैकी चारशेच्या वर बंद पडलेत. इथे जादा वीज देण्यात अर्थ नाही, असा अहवालही पाठवला मी."

"बंद? काल तर मी त्यातल्या एका कारखान्यात चहा पिऊन आलो!" धर्मराजांनी पान पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अहो ताई, हे बंद म्हणजे शुक्रवार बंद! विजेच्या तुटवड्यापायी आपल्या एमआयडीसीत सगळ्यांची सुट्टी शुक्रवारी. आधी 'शुक्र. बंद' लिहायचो, मग कंटाळलो, नुसतं 'बंद' लिहायला लागलो. खरंच शटर पाडलं, त्याच्यापुढे 'चावी दिली' असतंय."

चावी दिलेले निघाले एकोणचाळीस.

ताईंनी पाठवलेला अहवालच चुकीचा ठरला. सोमवारी अनुदान समितीची बैठक होती. चूक कबूल केली तर अनुदान हातचं जाणार होतं. धर्मराज हळूच म्हणाले, "माझ्यावर ढकला. सांगा, कारकुनाने चुकीचं लिहिलं."

मला रडूच कोसळलं. दहा वर्षांत या माणसाने माझ्यात साधी खाडाखोड केली नव्हती.

"तुम्ही चुकला नाहीत, काका," ताई म्हणाल्या. "मी विचारलं नाही."

समितीपुढेही त्यांनी हेच सांगितलं, आणि वर एक मागणी केली. पंधरा दिवसांनी मंजुरीचा कागद आला. त्यात ती मागणी होती: नोंदवही वाचताना ती लिहिणाऱ्याला शेजारी बसवावं आणि त्याला मानधन द्यावं. धर्मराजांनी चष्मा पुसून ती ओळ तीनदा वाचली. लिहिण्याचा पगार त्यांना मिळत होता. त्यांना विचारावं, असं कुणाला वाटलं नव्हतं. पुढे तीन वर्षं ते बदलापूर-उल्हासनगरच्या जुन्या कारकुनांना घरोघर शोधत हिंडले.

मित्रांनो, आम्हां वह्यांना वाळवीपासून, ओलीपासून जपा. पण तेवढ्यावर थांबू नका. ज्यांनी आम्हांला लिहिलं, ती माणसं आहेत तोवर त्यांच्यापाशी बसा. धर्मराज गेल्या वर्षी वारले. माझ्या शेवटच्या पानांवर अकरा नावांपुढे त्यांनी हिरव्या शाईने एक बारीकसा गोल काढलाय. तो कशाचा, हे विचारायचं राहून गेलं.