एका सिनेमाचे एकोणीस शेवट

“आता काय चाललंय?” हॅलोकाकांनी विचारलं.

“मुलगी टेबलावर ताटं मांडतेय,” लेक म्हणाली. “घरात ती आणि तिची आई, दोघीच. तरी ताटं तीन.”

“तिसरं बापाचं. बोटीवर गेलाय ना तो. आणि खिडकीत दिवा आहे की नाही?”

“आहे! बाबा, तुम्हाला सगळं पाठ आहे की.”

हॅलोकाकांची मान ताठ झाली. सहाव्या वर्षी त्यांचे डोळे गेले. पण इस्पितळाच्या टेलिफोन एक्स्चेंजवर त्यांनी एकतीस वर्षं काढली. नाव तिथेच पडलं. नुसत्या ‘हॅलो’वरून कुठल्या डॉक्टरला सर्दी झालीय ते सांगायचे. आणि नाताळचे सिनेमे म्हणाल, तर एकही सोडला नव्हता, सगळे बायकोच्या तोंडून पाहिलेले. डिसेंबरात थिएटरवाला सकाळच्या खेळाला तेच ते जुने सिनेमे लावायचा. हरवलेल्या कुत्र्याचा, खेळणीवाल्या आजोबांचा, आणि दोघांचा जीव की प्राण असलेला हा, बोटीवरच्या बापाचा. खरी नावं कोणाच्या लक्षात होती? काकू कानाशी लागून सांगत जायच्या, पुढचे लोक ‘शूऽऽ’ करायचे. अखेर डोअरकीपरनेच कोपऱ्यातल्या शेवटच्या दोन खुर्च्या त्यांना कायमच्या नेमून दिल्या. थिएटर बंद पडेपर्यंत, एकोणीस वर्षं.

यंदा घशाच्या ऑपरेशननंतर काकूंचा आवाज पार बसला होता. म्हणून लेकीने हा सिनेमा कुठून तरी शोधून टीव्हीवर लावला आणि सांगायचं काम अंगावर घेतलं. काकू बाजूला विणत बसल्या होत्या. पण सुयांचा आवाज केव्हाच थांबलाय, हे हॅलोकाकांच्या कानांनी टिपलं होतं.

“पुरे आता. बंद कर गं ते,” काकू घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

“अगं आई, तीन मिनिटं राहिलीत!”

“डोळे दुखतायत माझे.”

“मग मीट,” हॅलोकाका म्हणाले. “डोळ्यांवाचून काही अडत नाही, मला विचार.”

शेवटच्या भागात बोलणं नव्हतंच, नुसतं व्हायोलिन. लेक सांगत होती, “मुलीने दार उघडलं... बाहेर बर्फ... आणि...” ती अडखळली. “संपला की.”

“आणि बाप?”

“कोणी नाही आलं, बाबा. रस्ता रिकामाच आहे. पण लहानपणी तुम्हीच मला सांगायचात ना, तो पोपटाचा पिंजरा घेऊन येतो म्हणून?”

काकूंनी सुया खाली ठेवल्या. मग काकूंचा आवाज आला.

“पहिल्यांदा गेलो तेव्हा तुमचे वडील नुकतेच गेले होते हो. मला नाही सांगवलं. मग दरवर्षी त्याला घरी आणावंच लागलं. फसवलं मी तुम्हाला.”

हॅलोकाका हसले. “मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.”

“काय?”

“बाप घरी आला असता, तर अख्खं थिएटर मुसमुसत कशाला बसलं असतं? दुसऱ्या दिवशी मेट्रनबाईही फोनवर म्हणाल्या, शेवटी येत नाही हो तो.”

“आणि इतकी वर्षं तोंडातून एक शब्द काढला नाहीत?”

“कशाला काढू? एके वर्षी तो लंगडत आला. एके वर्षी पोपट घेऊन. एकदा तर तू त्याला शेजाऱ्याच्या घरात घुसवलंस, आणि माफी मागायला लावून बाहेर काढलंस!” ते लेकीकडे वळले. एक्स्चेंजवर बसल्यासारखा त्यांचा आवाज खणखणीत झाला होता. “थिएटरात तीनशे माणसं असायची. त्यांना एकच शेवट मिळाला. मला एकोणीस! तुझ्या आईसारखी बाई होती का त्यांच्यातल्या एकाच्या तरी शेजारी?”

“काहीतरीच तुमचं,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी नाक ओढलं.

हॅलोकाका काकूंकडे वळून म्हणाले, “आता खरा शेवट सांग. तूच सांग.”

“आवाज कुठाय मला?”

“आहे तेवढ्यात सांग.”

लेकीने सिनेमा थोडा मागे नेला. काकूंची खुर्ची सरकत जवळ आली, व्हायोलिन पुन्हा सुरू झालं.

“मुलगी दारात उभी आहे,” काकू सांगू लागल्या. “बराच वेळ. आता तिची आई येऊन तिला आत नेते. बर्फ उंबऱ्यावर यायला लागलंय.”

“आणि दार? दार कोण लावतं?”

काकू थांबल्या. नीट बघून घेत असाव्यात.

“कोणीच नाही,” त्या म्हणाल्या. “उघडंच ठेवतात.”