कापलेला कोपरा

"काका, हा कोपरा असा तिरका कापायचा." निहारनं मोबाइल महांतेशच्या नाकाखाली धरला. "थँक यू कार्ड आहे. एकदम पर्सनलाइज्ड. हातानं केल्याचा फील आला पाहिजे."

महांतेशनं कात्री खाली ठेवली. बंगळूरच्या चामराजपेटेत लग्नपत्रिका करण्यात त्याचा जन्म गेला. त्याच्या कात्रीला अशी धार, की ती नुसती वाजली तरी समोरच्या सलूनमधल्या गिऱ्हाइकाची दाढी आपोआप उतरायची. खोटं वाटत असेल तर सलूनवाल्याला विचारा. तो वारलाय, पण विचारायला काय जातंय. पुढचं मात्र मी महांतेशच्या दुकानातल्या स्टुलावर बसून डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

"कोपरा कापत नाही मी, सर," महांतेश म्हणाला. "शुभ पत्राच्या कोपऱ्याला हळद-कुंकू लावतात. कोपरा गेलेलं पत्र मयताचं. ते घरात नेत नाहीत. दारातच वाचायचं, फाडायचं, हात धुवायचे."

"आता कोण मानतं हो हे? कॉर्नर कट ट्रेंडिंग आहे."

"सरी, ठीक. द्यायचं कुणाला?"

"यल्लाप्पाला. जे. पी. नगरला आमच्या बिल्डिंगचा वॉचमन."

"स्वल्प सांगा त्याच्याबद्दल. माणूस कळल्याशिवाय कार्ड जमत नाही मला."

निहार विचारात पडला. "तो... गेट उघडतो." पुढं काही सुचेना, तेव्हा त्यानं बायकोला फोन लावला. "आसावरी, यल्लाप्पाबद्दल एखादी स्वीट गोष्ट सांग ना."

स्पीकरवर आवाज आला, "कोण यल्लाप्पा?"

माझ्या तोंडातलं पान कडू झालं.

"तुम्हीच लिहा काहीतरी," निहार म्हणाला. "यू आर फॅमिली, असं इंग्लिशमध्ये. भरपूर हार्ट्स लावा. त्याला वाईट नको वाटायला. एक तारखेपासून कॅमेरा बसतोय, गाडी आली की गेट आपोआप उघडणार. त्याला अजून सांगितलं नाहीये. तोंडावर सांगायला ऑकवर्ड होतं ना. कार्डातूनच कळेल, ग्रेसफुली."

जिभेवर माशी बसावी तसं महांतेशचं तोंड झालं. तो म्हणाला, "म्हणजे ही बातमी कार्डच देणार?"

"हो."

"मग कापतो कोपरा."

निहार खूश होऊन गेला. महांतेश लाल कागदाची बदामं कापत बसला. एक बदाम कापायचा, बाहेर जाऊन थुंकायचा, दुसरं कापायचा. ऐन उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या गटाराला त्या दिवशी पूर आला.

शनिवारी निहारचा निरोप आला: आम्ही बाहेर आहोत, गेटवरच देऊन टाका. आम्ही दोघे म्हातारे रिक्षा करून गेलो.

यल्लाप्पा निपाणीकडचा. खुर्ची पुढं करत म्हणाला, "बसा अण्णा. कुणाकडं आलाय?"

"तुझ्याकडंच."

"माझ्याकडं कोण येतंय," तो हसला. पाकीट घेण्याआधी त्यानं हात पँटला पुसले. कार्ड बाहेर काढलं. इंग्रजी त्याला येत नव्हतं. पण अंगठा कापलेल्या कोपऱ्यावर आला आणि तो उठून उभा राहिला. टोपी काढली.

"कोण गेलं, अण्णा?" त्यानं विचारलं. "गावाकडं आई आहे माझी."

"गावाकडचं नाही रे," महांतेश घाईनं म्हणाला. "इथलं आहे. तुझी नोकरी गेली. एक तारखेपासून."

"आई नाही ना?"

"नाही रे बाबा."

त्यानं श्वास सोडला. मग विचारलं, "ही अक्षरं कसली?"

"तू घरचा माणूस आहेस, असं लिवलंय."

यल्लाप्पानं वर बाल्कन्यांकडं पाहिलं. एकीतही कुणी नव्हतं. त्यानं रीतीप्रमाणे कार्ड तिथंच फाडलं, बदामांसकट, आणि झाडांच्या नळावर जाऊन हात धुतले, पाय धुतले, चूळ भरली. त्याच्यामागून आम्हीही हात नळाखाली धरले.

आत पार्किंगमध्ये हॉर्न वाजला. गाडीत 'बाहेर आहोत' म्हणणारा निहार होता, मान मोबाइलमध्ये.

यल्लाप्पानं टोपी घातली, फाटक उघडलं आणि गाडी जाईपर्यंत धरून उभा राहिला. हात ओले होते, म्हणून सलाम तेवढा राहिला.