बिनप्राण्याच्या बाई

"मॅडम, प्राणी कोणता तुमचा?"

गिरिधर सरांनी विचारलं आणि निवड समितीतले बाकीचे दोघे खाली बघून हसले. उत्तर सरांना ठाऊक होतं. त्यांच्याच प्राणिशास्त्र विभागात नीला इतकी वर्षं तात्पुरती अधिव्याख्याता होती. कायम व्हायचं की घरी जायचं, ते आज ठरणार होतं.

"एक असा नाही, सर. मी बऱ्याच प्राण्यांचं हिमोग्लोबिन ताडून पाहते. त्या प्रथिनातल्या घटकांचा क्रम अक्षरांत छापलेला मिळतो. घोडा, कोंबडी, माणूस. कुठलं अक्षर कुठे बदललं ते संगणकावर पाहायचं. त्यावरून कोण कोणाला किती जवळचा..."

"म्हणजे घोडा तुम्ही पाहिलाच नाही."

"टांग्याचा पाहिलाय, सर."

आता कोणी हसलं नाही.

त्या विभागात माणसं प्राण्यांवरून ओळखली जात. सर बेडूकवाले, त्यांच्या गुरूंचाही बेडूकच होता. प्रेमिलाताई मासेवाल्या. सक्करदऱ्याच्या तलावातल्या माशाच्या यकृतावर त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती, आणि आता त्यांचे विद्यार्थी त्याच माशाच्या मूत्रपिंडाशी पोचले होते. गांडूळवाले सर निवृत्त झाले तेव्हा निरोपाला त्यांना चांदीचं गांडूळ दिलं होतं. नीलाला मात्र सगळे 'बिनप्राण्याच्या बाई' म्हणत, आणि तोंडावर म्हणत. प्रयोगशाळेत तिला टेबल नव्हतं, कागद ठेवायला एक कपाट तेवढं होतं. चिरायचं काही नाही, तर टेबल कशाला? गणितवाल्यांकडे गेली, तर ते म्हणाले, "रक्तबिक्त तिकडेच ठेवा."

मग रविवारी ती बसने कोराडीला जाई. तिथल्या कोळशाच्या वीजकेंद्राच्या कार्यालयात पगारपत्रकं काढणारा संगणक होता, आणि तिथले बबनराव साहेब सुटीच्या दिवशी तिला तो वापरू देत. कार्डांना भोकं पाडून ती अक्षरं भरायची. एकदा घोड्याची ओळ आणि माणसाची ओळ कागदावर एकाखाली एक उतरली, आणि जुळणारी अक्षरं बघता बघता तिचे हात आपसूक जोडले गेले. देवळात गाभाऱ्याचा पडदा सरकला की जोडले जातात, तसे.

"रविवारी राखेत जाऊन टायपिंग करून राहिल्या तुम्ही," सर म्हणाले. "याले संशोधन म्हणायचं का?"

नीलाने वेगळ्या बाजूने सांगायला घेतलं. तिला वाटलं, हे तरी त्यांना कळेल.

"सर, आपण एकाच देवळात कीर्तनाला बसतो. एकच अभंग उमरेडला एका शब्दाने म्हणतात, इथे दुसऱ्या. बुवा दोन्ही ऐकवतात आणि सांगतात, मूळ शब्द हा असावा. मी तेच करते. घोडा आणि माणूस हे एका जुन्या ओळीचे पाठभेद आहेत."

सरांचा चेहरा लाल झाला. इतका वेळ ते नुसते टोचत होते. आता त्यांना खरोखर लागलं होतं.

"अभंग मधात आणू नका! संतांची वाणी कुठं अन् तुमची भोकं पाडलेली कार्डं कुठं! लाज वाटाले पाहिजे." त्यांनी चष्मा पुसला. "शेवटचं सांगतो. प्रेमिलाबाईंचा मासा घ्या. त्याचा डोळा अजून कोणी घेतला नाही. ही कार्डं बंद, असं लेखी द्या. आजच कायम करतो. जा, बाहेर बसून विचार करा."

बाहेर प्रेमिलाताई वाटच बघत होत्या. सगळं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"अवं, घे नं मग तो डोळा! काहून मुहूर्त पाहून राहिली? बाई माणसाले कायम नोकरी कोणी असं बोलावून देते का?"

"ताई, लेखी दिलं की जन्मभर डोळाच पाहावा लागेल."

"तं पाहा! आम्ही यकृत पाहिलं नं?"

"आणि काय मिळालं?"

तोंडातून निघून गेलं.

"म्हणजे आम्ही मासे चिरून चिरून मूर्ख झालो? जा मग, बस आपल्या अक्षराईत. उद्या रडत माह्याकडे येजो नको."

विभागात तिच्याशी बोलणारं तेवढं एकच माणूस होतं. प्रेमिलाताई पदर खोचून निघून गेल्या.

नीला आत गेली. खुर्ची होती, तरी बसली नाही.

"लेखी देणार नाही, सर."

"विचार केला?"

"केला."

"मग झालं," म्हणत सरांनी पुढच्या उमेदवाराला बोलावण्यासाठी घंटी वाजवली.

त्या दिवशी एकादशी होती. आज कीर्तनाला जाऊ नये, असं तिच्या मनात आलं. मग वाटलं, नोकरी त्यांनी घेतली, देऊळही आपल्या हाताने त्यांना द्यायचं का? ती गेली. गिरिधर सर पुढच्या रांगेत डोळे मिटून टाळ धरत होते, आणि त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं. ते खोटं नव्हतं, हे तिला दिसत होतं. त्याचाच तिला जास्त संताप आला.

कीर्तन संपलं. दारात उभं राहून सगळ्यांना बुक्का लावायचं काम प्रयागबाईंचं होतं. पण त्यांचे गुडघे आज उठू देत नव्हते. त्यांनी वाटी नीलाच्या हातात दिली.

"धर वं, आज तूच लाव."

तिथली रीत अशी, की बुक्का लावणाऱ्याच्या पायाला हात लावूनच पायरी उतरायची. वाटी सुनेच्या हाती असली तर सासूनेसुद्धा वाकायचं. एकेक कपाळ पुढे येत होतं. तेवढ्यात रांगेत सर दिसले. त्यांनीही तिला पाहिलं. बाजूचं दार उघडं होतं.

सर त्या दारातून गेले नाहीत. ते समोर आले आणि वाकले. अर्धवट नव्हे, इतरांपुढे वाकत तसेच पूर्ण. त्यांची थंडगार बोटं तिच्या पावलांना लागली. तिने बोट वाटीत बुडवलं.

उठता उठता ते हलक्या आवाजात म्हणाले, "कपाटाच्या चाव्या उद्या रुपराव शिपायाजवळ देऊन जा."

"हो, सर."

कपाळाच्या बरोबर मधोमध तिने बुक्का लावला. ते आणखी काही ऐकायला थांबल्यासारखे तिथेच उभे राहिले.

"थोडं पुढे व्हा," ती म्हणाली. "मागे लोक आहेत."