सुरगाठ

काटेसावरीची फुले केव्हाच गळून गेली होती. फाल्गुनाचा तो रक्तवर्ण उत्सव ओसरला होता आणि चैत्राचा पांढराशुभ्र थकवा मागे उरला होता. टेकडीवर बोंडे फुटत होती. कापूस उडत होता. कुंपणावरून, तारांवरून, खिडकीच्या गजांतून, कुणाचीही परवानगी न घेता, तो मनोरुग्णालयाच्या वॉर्ड चारमध्ये उतरत होता.

त्या दुपारी अनसूयाबाईंचा उजवा हात वर गेला.

नाही, गेला नाही. असे काही अजून घडलेलेच नाही. सध्या सकाळ आहे, बारा खाटा आहेत, बारा बायका आहेत, आणि चोवीस हात जागच्या जागी आहेत.

जागच्या जागी म्हणजे खाटेच्या लोखंडी दांड्याला.

वॉर्ड चारची ही रीतच होती. न्याहारी आटोपली की बबन घुले यायचा. पन्नाशी उलटली तरी वॉर्डबॉयच राहिलेला, पाय ओढत चालणारा, गळ्यात बँडेजच्या पट्ट्यांची माळ; वरात चुकलेल्या नवरदेवासारखा. एकेक मनगट उचलायचा, दांड्याला टेकवायचा, गाठ मारायचा. निरगाठ. दातांनी न सुटणारी, नखांनी न सुटणारी, आसवांनी भिजली की आणखी आवळणारी. मागून भोसेकर सिस्टर यायच्या. चार वॉर्डांना त्या एकट्या, आणि पायांना सूज. त्या वहीत लिहायच्या : रुग्ण शांत. रुग्ण शांत. रुग्ण शांत. बारा वेळा लिहून झाले की वॉर्ड खरोखरच शांत व्हायचा. इतका, की कापूस टेकल्याचाही आवाज व्हावा.

अनसूयाबाई पाच नंबरच्या खाटेवर. चाळीस वर्षे देवळाच्या पायरीशी बसून त्यांनी मोगऱ्याचे गजरे वळले होते. नवरा गेला, त्यानंतर एके दिवशी पाटीतली फुले संपली, तरी त्यांची बोटे थांबली नाहीत. कोरा दोरा वळत राहिली. दिवसभर वळला, दुसऱ्या दिवशीही वळला. तिसऱ्या दिवशी पुतण्याने त्यांना इथे आणून सोडले. फुलांशिवाय गजरा वळणे हा आजार आहे, हे त्यांना इथेच कळले.

सहा नंबरवर ठकू. ठकूला वाचा नव्हती. तिची सगळी भाषा तिच्या हातांत होती. अंगठा ओठाला लागला की तहान. तळवा कपाळाला लागला की घर. दोन्ही हात पसरून हवेतला कापूस झेलला की आनंद. आणि हा शब्द ती चैत्रात वारंवार बोलायची.

एकदा पाणी मागताना तिचा हात बबनच्या चहाच्या ग्लासाला लागला. बबनने तिला दोन थोबाडीत मारल्या. एक चहाबद्दल, एक शर्टाबद्दल. हिशेब चोख होता. त्या दिवसापासून तिच्या गाठी दुप्पट आवळल्या जाऊ लागल्या. मुक्या बाईची जीभ दोन्ही बाजूंनी बांधली गेली. मनगटांभोवती जांभळी कडी उमटली, मग ती लाल झाली, मग ओली झाली. वहीत मात्र एकच रंग होता, शाईचा : रुग्ण शांत.

अनसूयाबाईंनी आधी सिस्टरना सांगून पाहिले. सिस्टर म्हणाल्या, तुमचे तुम्ही बघा. मग बबनला सांगून पाहिले. तो म्हणाला, आजी, तुला काय कळतं. तेव्हा अनसूयाबाईंनी दयेचा नाद सोडला आणि आळसाला हात घातला.

"बबनराव," त्या म्हणाल्या, "दिवसाला चोवीस निरगाठी मारायच्या, चोवीस सोडायच्या. नखं झिजली तुमची. सुरगाठ मारा. एक शेपूट ओढलं की मोकळं. तुम्हाला सोपं, मनगटालाही सोपं. मोगऱ्याला मी हीच मारायची. पाकळी दुखत नाही आणि गजरा सुटत नाही."

बबनने विचार केला. दयेपाशी तो कधी थांबला नव्हता, सोयीपाशी थांबला. अनसूयाबाईंनी आपल्याच मनगटावर त्याला सुरगाठ शिकवली. बांधले जाणारे हात बांधणाऱ्या हातांना वळण देत होते, आणि बांधणारा एकाग्र होऊन शिकत होता. चौथ्या खेपेला जमली. "छान आली," अनसूयाबाई म्हणाल्या. बबन लाजला.

ठकूची कडी हळूहळू सुकू लागली.

आणि मग त्या सकाळी समिती येणार असल्याचा निरोप आला.

मागल्या तपासणीत एका बाईने एका सदस्याचा कोट धरला होता आणि तो शेवटपर्यंत सोडला नव्हता. म्हणून यंदा बंदोबस्त चोख. सकाळीच सगळ्यांना बांधले. ठकूला इंजेक्शन दिले. ती निद्रेच्या काळ्या डोहात दगडासारखी तळाशी गेली. वर गळ्यापर्यंत धुतलेल्या चादरी. बारा चादरी, बारा हिमशिखरे, बारा निर्विकार चेहरे. फक्त पट्ट्यांची शेपटे चादरीबाहेर लोंबत होती. सिस्टर वैतागल्या. बबन घामाघूम झाला.

"मुठीत खोचा की ज्याच्या त्याच्या," अनसूयाबाई हलकेच म्हणाल्या. "दिसायची नाहीत."

बबनने खोचली. चोवीस मुठींत चोवीस शेपटे. वॉर्ड चारमधल्या प्रत्येक बाईच्या हातात तिची सुटका आली. अकराजणींना ते ठाऊक नव्हते. बाराव्या बाईने बोटे मिटली आणि वाट पाहिली.

समिती दुपारी आली. पाचजण, घामेजलेले, जेवणाकडे डोळे लागलेले. अध्यक्ष साहेबांचा आवाज मायाळू होता. वॉर्डाच्या मधोमध उभे राहून ते म्हणाले,

"कुणाची काही तक्रार असेल तर निःसंकोच हात वर करा."

चादरींखाली चोवीस हात बांधलेले होते. कुणाचाही हात वर झाला नाही. अध्यक्षांच्या मुद्रेवर समाधानाची मंद प्रभा पसरली. लेखनिकाने लिहायला घेतले : तक्रार, निरं...

तेव्हा पाच नंबरची चादर हलली. शेपूट ओढले गेले. गाठ, फुलाला न दुखवणारी ती गाठ, निःशब्द उमलली. आणि सुरकुतलेला, सावळा, मोगरागंध विसरलेला एक हात हिमशिखर फोडून वर आला. वर गेला. वरच राहिला.

"ठकूची चादर उचला," अनसूयाबाई म्हणाल्या. "एवढंच. आणखी काही मागत नाही. तिची मनगटं बघा."

बबनचा चेहरा पांढरा पडला. सिस्टरनी चादरीचे टोक हाताने सारखे केले.

"झोपल्यात त्या, साहेब. फार दिवसांनी डोळा लागलाय."

अध्यक्ष हळवे झाले. झोपलेल्याला उठवू नये, म्हणाले. मग त्यांचे लक्ष वर राहिलेल्या हाताकडे गेले. मनगटापासून पट्टी लोंबत होती, कातडीवर वळ होते.

"ह्या गजरेवाल्या," सिस्टर म्हणाल्या. "दोरा वळून वळून पडलेत. मनगट दुखतं, म्हणून पट्टी."

अध्यक्षांनी मान डोलावली. चष्मा पुसला. लेखनिकाला सांगू लागले, आणि लेखनिक लिहू लागला : रुग्णांच्या दुखण्यावर पट्टी बांधली जाते. चादरी स्वच्छ. झोप पुरेशी. रुग्णांचे हात बांधून ठेवतात, अशी जी निनावी तक्रार आली होती, तिच्यात तथ्य नाही. कारण तपासणीवेळी एका रुग्णाने स्वतः हात वर करून दाखविला.

समिती जेवायला गेली.

हात अजून वरच होता. तो खाली कसा आणावा, हे अनसूयाबाईंना काही केल्या सुचेना. बबनने तो खाली आणला. मारायला आला होता, मारले नाही. खाटेशी बसला. मग म्हणाला, "शिकवलीस ती गाठ चांगली होती, आजी." आणि निरगाठ मारली. पाच नंबरला दोन. सहा नंबरला दोन. मग उरलेल्या सगळ्यांना.

उन्हे कलली. ठकू डोहातून वर आली. खिडकीतून सावरीच्या कापसाचा एक कण तरंगत आला, तिच्या चेहऱ्यावर रेंगाळला, गळ्याशी घुटमळला, आणि चादरीवर, तिच्या बांधल्या हाताच्या बरोबर वर, अलगद टेकला. ठकू त्याच्याकडे पाहत राहिली. बोटे चादरीखाली हलली. तेवढाच शब्द, अर्धा.

अनसूयाबाईंनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात, इथे इतकी वर्षे कानांवर पडत आलेल्या सरकारी भाषेत, अर्ज लिहायला घेतला :

मा. अधीक्षक साहेबांचे सेवेशी. विषय : एक हात मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयी विनंती की, वॉर्ड चार, खाट सहा येथील रुग्णाचे चादरीवर सावरीचा कापूस पडला असून तो तिचा तिला झेलता येण्यासाठी तिचाच उजवा हात, केवळ पाच मिनिटांकरिता, तिला वापरावयास देण्यात यावा. हात सुस्थितीत परत जमा करण्यात येईल. वारा सुटण्यापूर्वी मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती.